लेडीज खिडकी आणि इंदूबाईंचा टीव्ही

आधीच कबूल करते, माझा स्वभाव जळका आहे. सिनेमाच्या धंद्यात आयुष्य काढलेल्या बाईने दिवाळी अंकात लिहायचं म्हणजे नटनट्यांच्या गमती लिहायच्या, असं संपादकांना वाटत असावं. पण आमच्या बुऱ्हाणपुरात नट कशाला येतोय? मी सत्तावीस वर्षं टॉकीजच्या लेडीज खिडकीवर तिकिटं फाडली, आणि खेळ सुरू झाला की वर बाल्कनीच्या दारात बॅटरी घेऊन उभी राहिले. एवढ्या वर्षांत मी पाहिले ते बायकांचे हात आणि बायकांच्या पाठी. टॉकीजचं नाव लिहीत नाही. शेठ अजून आहेत आणि त्यांचा राग मला माहीत आहे.

लेडीज खिडकी म्हणजे काय, ते हल्लीच्या मुलींना सांगावं लागतं. पुरुषांच्या रांगेत बायकांना ढकलाढकली नको म्हणून आमच्याकडे बाजूच्या बोळात वेगळी खिडकी होती. वरची बाल्कनीही फक्त बायकांची. खिडकी म्हणजे भिंतीत वीतभर भोक आणि आत एक फळी. ती कुठल्या उंचीच्या माणसासाठी बांधली होती कोण जाणे, मला बाहेरच्या बाईचं तोंड कधी दिसायचं नाही. हात तेवढा आत यायचा. मग मी हातावरूनच माणसं ओळखायला शिकले. पावरलूमवाल्यांच्या घरच्या बायकांच्या नखांत सुताची बारीक तूस असायची. केळीच्या बागेतून आलेल्या बाईच्या बोटांवर चिकाचे काळे डाग असायचे, ते कुठल्याच साबणाने जात नाहीत. नव्या नवरीचा हात तर बांगड्या अडकून भोकातच थांबायचा.

शेठ कितीही मालक असले तरी दुपारच्या खेळाची वेळ मी ठरवायचे. नवा पिक्चर लागला की ते विचारायचे, "बाई, इतवारा मोहल्ले में आजकल नल कितने बजे आता है?" नळ चारला येत असेल तर पिक्चर पावणेचारला सुटलाच पाहिजे, नाहीतर एकही बाई येणार नाही. एकदा साडेतीन तासांचा लांबलचक पिक्चर आला. आमच्या ऑपरेटरने शेवटची दोन गाणी आणि एक लग्न कापून टाकलं. हीरोचं लग्न नेमकं कुठल्या बहिणीशी झालं हे बुऱ्हाणपूरच्या बायकांना आजतागायत माहीत नाही, पण त्या दिवशी पाणी सगळ्यांनी भरलं.

गर्दीच्या दिवसांत खालची तिकिटंही माझ्याकडे असायची, मग पुरुष मंडळी घरातल्या म्हाताऱ्यांना आमच्या रांगेत उभं करायची, कारण आमची रांग लवकर सरकायची. अशाच एका आजींना मी विचारलं, "आजी, पिक्चर कोणता पाहायचाय?"

"मले काय मालूम व माय? नातवानं सांगितलं, पाच मांग म्हने."

मी म्हटलं, एकच तिकीट देईन आणि तेही तुम्ही स्वतः वर येऊन बसलात तर. आजी बसल्या. नातू बाहेर शिव्या घालत राहिला. पुढच्या शुक्रवारी आजी एकट्याच हजर, आणि त्यानंतर त्यांनी एकही नवा पिक्चर सोडला नाही. तो नातू मला अजून बाजारात दिसला की तोंड फिरवतो.

जळकेपणाचं सांगत होते. पुरुषांच्या खिडकीवर बाबूराव बसायचे. त्यांची रांग माझ्यापेक्षा लांब दिसली की माझं डोकं फिरायचं. दुसऱ्या टॉकीजला आमच्याआधी मोठा पिक्चर मिळाला तर मला दोन दिवस जेवण जायचं नाही. नवरा म्हणायचा, टॉकीज काय तुझ्या माहेरची आहे का? खरं तर बाल्कनी मला माहेरासारखीच होती. घरी मी कुणाची तरी सून होते, कुणाची तरी आई होते. तिथे मात्र माझा शब्द चालायचा. कोण कुठे बसणार, रडकं पोर घेऊन कोणी बाहेर जायचं, पंखा कोणाच्या डोक्यावर चालणार, हे मी सांगायचे.

आणि त्या बाल्कनीतली माझी सगळ्यात लाडकी बाई म्हणजे निंबोल्याच्या इंदूबाई. केळीची बाग, कापूस, गुरं, चार माणसांचं काम एकटीने ओढून ही बाई नव्या पिक्चरच्या पहिल्या शुक्रवारी बसने यायची म्हणजे यायची. उजव्या मनगटावर गोंदण, करंगळी वाकडी. तो हात भोकातून आत आला की मी न विचारता तिकीट फाडायचे. दुसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची मी त्यांच्यासाठी रुमाल टाकून धरायचे. इंटरव्हलला त्या पदराच्या गाठीतून शेंगदाणे काढून मला द्यायच्या आणि पुढे काय होणार ते विचारायच्या. मी एव्हाना सकाळच्या खेळाला पिक्चर पाहिलेला असायचा, पण सांगायचे नाही. तेवढाच माझा रुबाब.

आता त्या पिक्चरकडे येते. नाव कशाला लिहू, सगळ्या देशाला माहीत आहे. दोन भागांचा होता. पहिल्या भागाच्या शेवटी हीरोची बायको पुरात वाहून जाते, आणि ती जगली की मेली ते दुसऱ्या भागात. बायकांनी मला नुसतं भंडावून सोडलं होतं. भाजी घ्यायला गेले तरी हाच प्रश्न. दुसरा भाग दिवाळीला येणार असं ठरलं. आम्ही बोर्ड लावला. मग कळलं, कॉम्प्युटरचं काम राहिलंय, आता संक्रांतीला. संक्रांतीला दुसरा एक मोठा पिक्चर आडवा आला. मग आखाजी.

बाहेरच्या माणसाला वाटतं, तारीख टॉकीजवाला ठरवतो. आमच्या हातात काही नसतं. पूर्वी रिळांच्या पेट्या यायच्या, पेटी आली की विषय संपला. आता पिक्चर डिस्कवर येतो आणि तो उघडायला आकड्यांची एक किल्ली पाठवतात. किल्ली आली नाही की डिस्क नुसती शेठच्या टेबलावर पडून राहते. पण हे बायकांना कोण सांगणार? त्यांना तारीख मी सांगितलेली असायची, म्हणून ती माझी तारीख. दिवाळीला मी खोटी पडले, संक्रांतीला पुन्हा पडले.

आखाजीची तारीख मात्र पक्की, असं वितरकाच्या माणसाने छातीठोक सांगितलं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे लेकी माहेरी येण्याचा सण. झोके, गाणी, दुपारी सगळ्या मोकळ्या. बाल्कनीसाठी याहून चांगली वेळ वर्षात नाही. मी इंदूबाईंना निरोप पाठवला. त्या दोन्ही लेकींना सासरहून घेऊन थेट टॉकीजवर आल्या. बोर्डावर तारीख पुढे गेल्याचा कागद तिसऱ्यांदा चिकटवलेला होता. तो गोंदणाचा हात भोकातून आत आला, पण काही मागितलं नाही, नुसता फळीवर टेकून राहिला.

"सुमनताई, पोरीईले तुमच्या शब्दावर आनलं मी. आता याईले काय दाखवू, बोर्ड?"

त्या उन्हातून परत गेल्या. महिन्याभरात त्यांच्या मुलाने घरात भिंतीएवढा टीव्ही आणला, नेट घेतलं, आणि निंबोल्याला दुपारचा खेळ सुरू झाला.

पावसाळ्यात एकदा त्यांच्या सुनेच्या आग्रहावरून मी तिथे गेले. ती दुपार मी विसरूच शकत नाही. ओसरीवर आळीतल्या पंधरा-वीस बायका बसलेल्या. कोणी शेंगा सोलतेय, कोणी लसूण निवडतेय, कोणी चक्क आडवी झालेली. कोणीतरी म्हणालं, थांब गं, ताक घुसळून येते, आणि सुनेने बटण दाबून पिक्चर थांबवला. हीरो तोंड उघडं टाकून तसाच उभा राहिला. सत्तावीस वर्षांत माझ्या बाल्कनीत कितीतरी बायका पोराला शू करवायला गेल्या आणि त्यांचं अर्धं गाणं बुडालं. त्यांच्यासाठी मला कधी काही थांबवता आलं नव्हतं. ही कालची पोरगी एका बोटाने थांबवत होती.

मी जळले. अगदी आतून जळले. इंदूबाई मोठ्याने हसत होत्या, त्यांचं ते हसणं माझ्या बाल्कनीतलं होतं. आणि मला काय दिलं त्यांनी? खुर्ची. सगळ्या खाली चटईवर आणि मी पाहुणी म्हणून खुर्चीवर.

त्यांना टोचावं म्हणून मी मुद्दाम म्हटलं, "शेठ बाल्कनी बंद करणार म्हणतात. हा मोठा पिक्चर येऊ दे, तो चालू असेपर्यंत एका तरी शुक्रवारी अर्धी बाल्कनी भरलेली दिसली तर ठेवतो, नाहीतर कुलूप. तिथे गोडाऊन करायचंय त्यांना."

इंदूबाई टीव्हीकडे पाहत होत्या. "हं," एवढंच म्हणाल्या. त्या "हं"चा मला इतका राग आला की चहा अर्धा टाकून मी उठले.

मधे बातमी आली की तो पिक्चर टॉकीजला येणारच नाही, थेट नेटवरून घरच्या फोनवर-टीव्हीवर येणार. शेठचं तोंड उतरलं. मी बाळाजीला नारळ बोलले. शेवटी वरच्या लोकांनी मधला रस्ता काढला, आधी टॉकीज आणि चौथ्या शुक्रवारी फोनवर. आणि इतकी वाट पाहून तो आला कधी, तर पितृपाटात, म्हणजे पितृपक्षात! घरोघरी पानं वाढण्याच्या गडबडीत कोण येणार? बाबूरावांकडे पोरांची रांग लागली, खालचं थिएटर भरलं. वर बाल्कनीत दहा-बारा बायका. ज्यांनी वर्षभर माझा जीव खाल्ला होता त्या म्हणायच्या, "आता तीन हप्त्यात घरीच येईल ना बाई, बसूनशान पाहू." मी रोज दारात उभी राहून त्या बाईला पुरातून बाहेर निघताना पाहायचे. मला ते तोंडपाठ झालं आणि बघायला कोणी नाही.

निंबोल्याहून तर एक चिटपाखरू आलं नाही. कोणी येवो न येवो, इंदूबाई येतील असं मला पहिल्या शुक्रवारी वाटलं. दुसऱ्या शुक्रवारीही मी रुमाल टाकून ठेवला. तिसऱ्या शुक्रवारी नाही टाकला.

चौथा शुक्रवार नवरात्रातला. त्याच दिवशी पिक्चर फोनवर येणार होता. शेठ सकाळीच म्हणाले, "बाई, आज इंटरव्हल के बाद मैं ऊपर आके देखूंगा. आज आखरी है." बारा वाजून गेले तेव्हा माझी अठरा तिकिटं गेली होती. तेवढ्यात बोळात दोन गाड्या थांबल्याचा आवाज आला, बायकांचा कलकलाट, आणि भोकातून तो हात आला. गोंदण, वाकडी करंगळी.

"बावीस द्या व सुमनताई."

तिकिटांचं पुस्तक ओढलं, पेन सापडेना. तेवढ्यात बाहेरून कोण्या बाईचा कंटाळलेला आवाज आला, "नेट बंद पडलं म्हनून यावं लागलं माय. नईतं घरीच पाह्यला असता आरामात."

हे ऐकलं आणि माझ्या अंगाची आग झाली. म्हणजे माझ्यासाठी नाही, बाल्कनीसाठी नाही, तिकडे नेट नाही म्हणून इकडे! सत्तावीस वर्षं रुमाल टाकून खुर्ची धरली आणि आज मी टीव्हीची उसनवारी झाले. उद्या नेट आलं की पुन्हा "हं". मला त्यांची गर्दी नको झाली. मला फक्त त्यांना परत पाठवायचं होतं. आखाजीला त्या परत गेल्या तेव्हा मी रडले होते, आज त्यांना कळू दे, असं मनात आलं.

मी म्हटलं, "फुल झालं."

"फुल? पुरी बाल्कनी?"

"पुरी."

"एक बी खुर्ची नई?"

"नाही म्हटलं ना इंदूबाई."

हात मागे गेला. मग बाहेरून त्यांचं ते मोठ्याने हसणं ऐकू आलं. "चला वं बायांनो, माघारी चला," असं म्हणून त्यांनी सगळ्यांना गाडीत कोंबलं. त्या हसण्याने तर मी आणखीच पेटले. टेबलाखाली पत्र्याची पाटी होती, 'लेडीज फुल' लिहिलेली. गेल्या कित्येक वर्षांत ती लावायची वेळ आली नव्हती. मी धूळ पुसून ती खिडकीला लावली.

वर जाऊन बॅटरी घेऊन उभी राहिले. अठरा बायका लांब लांब बसल्या होत्या. इंटरव्हलपर्यंत मला फार बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू? जिंकल्यासारखं वाटत होतं. मग शेठ आले. दारात उभे राहिले, एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बस, बाई. बहुत हुआ." त्या आल्या असत्या तर अर्धी बाल्कनी सहज भरली असती, हे मला शेठच्या पावलांचा आवाज जिन्यावरून खाली गेल्यावर उमगलं. तरी मी दोष दिला तो टीव्हीलाच.

सोमवारी बाल्कनीला कुलूप लागलं. लेडीज खिडकी विटांनी बुजवली. मला शेठनी साडी, श्रीफळ आणि रजा दिली. तिकिटं आता बायकाही बाबूरावांच्या खिडकीवरून घेतात, ज्या येतात त्या.

थंडीत इंदूबाईंचा निरोप आला, शेतात भरीत केलंय, या. मी जाणार नव्हते. मग वाटलं, जावं आणि तोंडावर सांगावं, की बाई, तुमच्यासारख्यांनी घरात टॉकीज केल्या म्हणून माझी गेली. वाक्य बसमध्ये दोनदा घोकलं. शेतात तुराट्यांवर वांगी भाजली होती, कांद्याची पात, कळण्याची भाकर, आळीतल्या सगळ्या बायका. मी घास घेतला आणि वाक्य काढणार, तेवढ्यात सून हसत हसत म्हणाली, "मावशी, तुम्हाला मालूमच नाही, त्या दिवशी आईंनी क्या किया! नेट एकदम चालू होतं. सगळ्या घरी येऊन बसल्या, पिक्चर लावायचा टाइम झाला, और नेटच्या डब्याची वायर गायब. आईंनी पिठाच्या कोठीत लपवली होती! गाड्या पण आदल्या दिवशीच सांगून ठेवलेल्या."

"चूप बस वं," इंदूबाई म्हणाल्या, पण त्याही हसत होत्या. "मंग काय करू? याईले टॉकीजचं नाव काढलं का याईचे गुडघे दुखतात. घरात पिक्चर असल्यावर कोन येतं? आन तुम्ही त म्हने होत्या, अर्धी भरली नई त बंद करतीन म्हनून."

त्या बोलतच होत्या. पहिले तीन शुक्रवार घरी पितरांचं, मग धाकट्या लेकीचं दुखणं, त्यामुळे येता आलं नाही. शेवटच्या शुक्रवारी काही झालं तरी जायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं.

"येऊन पाह्यते त फुल! मले इतका आनंद झाला, मी हसतच सुटली. गाडीत याईले म्हटलं, पाहा, सुमनताईची बाल्कनी आपल्याबिगर भरली, आता कोनाची टाप नई बंद करायची. घरी आली, कोठीतून वायर काढली आन लावला पिक्चर." मग त्या थांबल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "खरंच फुल होती ना व?"

सगळ्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. सांगायची हीच वेळ होती. तोंडातून निघालं, "हो. पार दारापर्यंत."

"मंग त्या मुडद्यानं बंद काहून केली?"

"मालकाची मर्जी."

त्यानंतर इंदूबाईंनी अर्धा तास शेठला शिव्या घातल्या. शब्द पाळला नाही, भरलेली बाल्कनी बंद केली, बायकांची हाय लागेल. बाकीच्यांनीही घातल्या. मी मान हलवत भरीत खात बसले. निघताना त्यांनी केळीचा घड बांधून दिला आणि म्हणाल्या, दुपारच्याला येत जा, तुमची जागा राखून ठेवते. मी जाते. आता चटईवर बसते. त्या पिक्चर थांबवून मला पाणी देतात आणि अधूनमधून, विशेषतः नवी कोणी बाई आली की, तिला सांगतात की या सुमनताई, यांची बाल्कनी शेवटच्या दिवशी फुल होती.

दर वेळी मला वाटतं, आता सांगावं. दर वेळी ओठांपर्यंत येतं आणि परत जातं. संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं, कारण इंदूबाईंची सून दिवाळी अंक आणते आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवते. माझं नाव दिसलं की आधी हेच वाचेल.

इंदूबाई, त्या शुक्रवारी बाल्कनीत अठरा बायका होत्या. बाकी सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. शेठनी शब्द मोडला नाही. मीच तुम्हाला दारातून परत पाठवलं.